टोरी कॉर्नरवरचा विंचू

यंदाच्या अंकाचा विषय ‘वेग’ आहे असं संपादकांनी कळवलं, तेव्हा त्यांच्या मनात बहुधा बुलेट ट्रेन असावी, नाहीतर मोबाइलवर अंगठा फिरवणारी पिढी. मी इंदूरला मल्हारगंजात गेलो. टोरी कॉर्नरकडून बडा गणपतीकडे निघालं की समोर ई-रिक्षा, दुधाच्या किटल्या लावलेल्या मोटरसायकली, उलट्या दिशेनं येणारे शाळकरी आणि दुकानातून निम्मी रस्त्यावर आलेली पोती. या वाटेवर मोटार ताशी वीस किलोमीटरच्या वर जात नाही. गेलीच, तर एखादा ‘भिया, आरामसे’ म्हणून हात दाखवतो.

याच वस्तीत एका जुन्या वाड्याच्या दिंडीदरवाजाशी ती उभी होती. बुटकी, रुंद चाकांची, अंगावर लाल पट्टे आणि नाकावर विंचवाचं चिन्ह असलेली फियाट अबार्थ पुंटो. १३६८ सीसीचं टर्बो पेट्रोल इंजिन, १४५ अश्वशक्ती, चारही चाकांना डिस्क ब्रेक. ऑक्टोबर २०१५ मध्ये ती बाजारात आली तेव्हा दिल्लीतली शोरूमची किंमत होती ९ लाख ९५ हजार. दहा लाखांच्या आत एवढी ताकद देणारी दुसरी गाडी तेव्हा देशात नव्हती. आज तिच्या कंपनीचं स्वतःचं शोरूमही देशात उरलेलं नाही, आणि माझा लेख तिथूनच सुरू होतो. नव्या गाडीचा वेग कंपनी देते. दहा वर्षांच्या, बंद पडलेल्या मॉडेलचा वेग कोण टिकवतं?

दोन गणपतींच्या मधे

या गाडीचं माहेर पुणे जिल्ह्यातलं रांजणगाव. अष्टविनायकांतल्या महागणपतीचं गाव आणि शेजारी एमआयडीसीत फियाटचा कारखाना. मल्हारगंजातली ही गाडी राहते बडा गणपतीच्या, म्हणजे पंचवीस फुटी शेंदरी मूर्तीच्या शेजारात. रांजणगावहून रस्ता पुढे ज्या शहराला जातो ते आता अहिल्यानगर म्हणून ओळखलं जातं, आणि गाडी जिथे नांदते ती वस्ती होळकर घराण्यातल्या मल्हाररावांचं नाव मिरवते. इंदूरच्या मराठी माणसाला हा योगायोग सांगितला की तो खूश होतो आणि लगेच विचारतो, ‘पण पार्ट मिळतात का?’

मराठी घरात ‘फियाट’ म्हटलं की अजून पद्मिनीच आठवते. वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली. मग त्याच कुर्ल्यातून २००१ साली पालिओ आली. तिचं १.६ जीटीएक्स हे रूप शंभर अश्वशक्तीचं होतं आणि जाहिरातीत होता सचिन तेंडुलकर. याच नात्यातून २००२ मध्ये शूमाकरच्या हातून सचिनला फेरारी मिळाली आणि पुढे तिच्या आयातशुल्कावरून देशभर वाद झाला. फेरारीची चर्चा घराघरांत झाली, पालिओचं पेट्रोल पिणं मात्र फक्त मालकांनाच माहीत.

पुढे टाटांशी घरोबा झाला. टाटांच्या शोरूममध्ये फियाट विकली जाऊ लागली, २००९ मध्ये लिनिया आणि पुंटो आल्या, २०१२ मध्ये विक्रीची ही सोयरीक मोडली. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे प्रदूषणाचं मानक लागू झालं, त्याच्या आधीच फियाटनं भारतातल्या मोटारी गुंडाळल्या होत्या. रांजणगावचा कारखाना मात्र चालू आहे, तिथून जीप बाहेर पडतात. त्यामुळे फियाटवाल्याला आजही अधिकृत सर्व्हिसिंग हवं असेल तर जीपच्या दारात जावं लागतं. तिथे तीस लाखांच्या जीपमागे आपली पंधरा वर्षांची लिनिया उभी करताना मालकाचा चेहरा कसा होतो, ते मी पाहिलं आहे.

ओट्यावरचा दवाखाना

म्हणून मग ओटा. रविवारी सकाळी पोहे-जिलबी झाली की वाड्याच्या ओट्याशी तीन-चार गाड्या येऊन लागतात. एक निवृत्त बँक अधिकारी, एक औषधांचा घाऊक व्यापारी, दोन तरुण अभियंते आणि वडिलांची लिनिया वापरणारी एक दंतवैद्य. भाषा इंदुरी मराठी, म्हणजे वाक्य मराठीत सुरू होतं आणि गिअर बदलल्यासारखं हिंदीत जातं. अधूनमधून एक मिस्त्रीही येतो. त्याला सगळे ‘उस्ताद’ म्हणतात आणि त्याचं बोलणं मधे तोडत नाहीत.

या बैठकीला नियम आहेत. कुणी लिहिलेले नाहीत, पण मोडले की लगेच कळतं. पहिला नियम असा की रोगाचं नाव सांगायचं नाही, लक्षण सांगायचं. ‘माझा सस्पेन्शन गेला’ असं म्हणणाऱ्याला थांबवून विचारतात, आवाज कधी येतो? गतिरोधकावर बारीक ‘कट-कट’ येत असेल तर लिंक रॉड. चाक खड्ड्यात जाऊन जड ‘धप’ होत असेल तर लोअर आर्मचे बुश. गाडी उभी असताना स्टीअरिंग फिरवल्यावर कुरकुर असेल तर वरचं स्ट्रट माउंट. लिंक रॉड हे स्वस्तातलं काम, पूर्ण लोअर आर्म त्याच्या कितीतरी पट. अचूक ऐकलं की पैसे वाचतात.

दुसरा नियम स्वस्ताकडून महागाकडे जाण्याचा. सर्वांत उद्बोधक किस्सा या नियमाचाच होता. एका पुंटोच्या डॅशबोर्डवर एका पहाटे एबीएसपासून इंजिनपर्यंतचे पाच-सहा दिवे एकदम पेटले. एका सर्व्हिस सेंटरनं कंट्रोल युनिट बदलायचा अंदाज दिला, आकडा पाच अंकी. ओट्यावर विचारलं गेलं, बॅटरी किती वर्षांची? अर्थिंगची पट्टी कधी साफ केली? बॅटरी म्हातारी झालेली आणि बॉडीला जोडणाऱ्या अर्थिंगच्या टोकाला गंज. गाडी सुरू करताना व्होल्टेज खाली गेलं की या इलेक्ट्रॉनिक पेट्या गोंधळतात आणि दिसेल त्याची तक्रार नोंदवतात. सँडपेपर, पाना, नवी बॅटरी, आणि दिवे विझले.

तिसरा नियम बिल उघड सांगण्याचा. आपल्याकडे पगार आणि गाडीच्या दुरुस्तीचा खर्च या दोन गोष्टी लोक खऱ्या सांगत नाहीत, पहिली फुगवून आणि दुसरी कमी करून. इथे पावती ओट्यावर ठेवावी लागते.

पण मला सगळ्यांत मोलाचा वाटला तो चौथा प्रकार: ‘हे करून पाहिलं, उपयोग झाला नाही’ असं सांगणं. यशस्वी दुरुस्ती सांगायला सगळेच उत्सुक असतात. चार हजारांचा सेन्सर बदलूनही गाडी तशीच अडखळत राहिली, हे सांगायला मोठं मन लागतं. तेच पुढच्या माणसाचे चार हजार वाचवतं.

एक अभियंता लॅपटॉप आणतो. डॅशबोर्डखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटला केबल लावली की इंजिनाच्या कंट्रोल युनिटनं नोंदवलेले दोषांचे क्रमांक पडद्यावर येतात. नवखा माणूस तो क्रमांक वाचून पार्ट मागवतो. अनुभवी माणूस म्हणतो, क्रमांक साक्षीदार आहे, गुन्हेगार नाही. टर्बोचा दाब कमी आहे असा क्रमांक आला म्हणजे टर्बो गेला असं नव्हे. टर्बोकडून इंजिनाकडे हवा नेणाऱ्या रबरी होजला चीर गेली असेल, क्लिप सैल असेल. आधी नळ्यांत धूर सोडून बघायचं, धूर कुठून निसटतो ते. पिकअप मेला म्हणून अख्खा टर्बो बदललेल्या आणि शेवटी होज सापडलेल्या गाड्यांच्या गोष्टी इथे भुतांच्या गोष्टींसारख्या सांगतात.

पट्टा, साखळी आणि सुई

फियाटच्या या पिढीतली दोन इंजिनं घ्या, दोघांची दुखणी अगदी वेगळी.

टी-जेट या टर्बो पेट्रोल इंजिनाला टायमिंग बेल्ट आहे. रबराचा दातेरी पट्टा, जो व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांचा ताल राखतो. तो तुटला की ताल जातो, पिस्टन वर येऊन उघड्या व्हॉल्व्हला धडकतो आणि इंजिन उघडावं लागतं. तुटण्याआधी पट्टा फारशी सूचना देत नाही. शौकाच्या गाड्यांचा घोळ असा की त्या कमी चालतात. आठ वर्षांत तीस हजार किलोमीटर, म्हणून मालक निर्धास्त. पण रबराला किलोमीटर कळत नाहीत, त्याला वय कळतं. उन्हाळ्यात चाळीस अंशांच्या वर तापणाऱ्या माळव्यात तर अधिकच. किलोमीटर कितीही असोत, पाच वर्षं झाली की पट्टा, त्याचा टेन्शनर आणि जमल्यास वॉटर पंप एकदमच बदलायचा, हा ओट्याचा दंडक. पंपापर्यंत पोचायला पुन्हा तेच सगळं उघडावं लागतं, मजुरी दोनदा कशाला?

१.३ मल्टिजेट डिझेलला पट्टा नाही, साखळी आहे. साखळी आयुष्यभर टिकते असं विक्रेते सांगायचे. टिकते, पण तेल वेळेवर बदललं तर. हे छोटं इंजिन जेमतेम तीन लिटरच्या आसपास तेलावर चालतं, तेच तेल साखळीचा ताण धरणाऱ्या टेन्शनरलाही लागतं. तेल काळं, घट्ट झालं की साखळी सैल पडते आणि सकाळी पहिल्यांदा गाडी सुरू करताना दोन-चार सेकंद डब्यात खिळे हलवल्यासारखा आवाज येतो. तो आवाज ऐकून घाई करायची. ‘गरम झाली की बंद होतो’ हे समाधान महागात जातं.

डिझेलचं दुसरं दुखणं थेट मल्हारगंजचंच आहे. घर ते राजवाडा, राजवाडा ते घर, इंजिन नीट तापायच्या आत बंद. धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडणारा ईजीआर व्हॉल्व्ह काजळीनं चोंदतो. गाडी मरगळते, काळा धूर मारते. उपाय म्हणजे तो काढून साफ करणं, आणि औषध म्हणून आठवड्यातून एकदा हायवेवर इंजिन मोकळं सोडणं. घरात हे कारण सांगून रविवारी बाहेर पडता येतं, हा जादा फायदा.

टर्बोबद्दल एक जुना नियम सगळ्यांना पाठ असतो. जोरात चालवून आल्यावर गाडी लगेच बंद करायची नाही, मिनिटभर चालू ठेवायची. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेतो आणि तेलावरच तरंगतो. इंजिन बंद केलं की तेल थांबतं, आतलं तापलेलं तेल जळून त्याचा कोळसा होतो. मल्हारगंजात राहणाऱ्याला हा नियम मुद्दाम पाळावा लागत नाही. बडा गणपतीपासून घरापर्यंत यायला जी वीस मिनिटं लागतात, त्यात टर्बो आपोआप थंड होतो.

आणि सुई. हायवेवर तापमानाची सुई मधोमध यायला हवी, ती खालीच राहिली की बहुतेक जण खूश होतात, इंजिन थंड आहे म्हणून. खरं तर थर्मोस्टॅट उघडा अडकलेला असतो. इंजिन सदा गार, इंधन जास्त, मायलेज कमी. या गाड्यांत हे वारंवार होतं. गंमत अशी की आपल्याकडच्या मिस्त्रींची एक पिढी थर्मोस्टॅट काढून फेकण्यातच हुशारी मानत आली. पद्मिनीच्या काळात गाडी घाटात तापायची, म्हणून ‘काढून टाका, कटकट नको’. तो उपाय कॉम्प्युटरवर चालणाऱ्या इंजिनाला लावला की कॉम्प्युटर कायमचा समजतो की बाहेर हिवाळा आहे. उस्तादांनी हे स्वतः हसत सांगितलं. तेही त्याच पिढीतले.

मावसभावांच्या घरी

बंद झालेल्या गाडीला पार्ट कुठून मिळतात? डिझेलवाले नशीबवान. १.३ मल्टिजेट हे फक्त फियाटचं इंजिन राहिलंच नाही. मारुतीनं ते स्विफ्ट, डिझायर, रिट्झ, अर्टिगा, सियाझ, ब्रेझात घातलं, टाटांनी व्हिस्टा, मान्झा, झेस्ट, बोल्टमध्ये. गाडीच्या जगात त्याला ‘राष्ट्रीय इंजिन’ म्हणायचे. त्यामुळे इंजिनाच्या पोटातले बरेच भाग या मावसभावांच्या घरून मिळतात, तेही जिल्ह्याच्या गावापर्यंत. कोणता पार्ट जसाच्या तसा बसतो, कोणता दिसायला तसाच पण कंस वेगळा, कोणत्याचा फक्त सॉकेट बदलावा लागतो, हे ज्ञान कुठल्याही कंपनीच्या पुस्तकात नाही. एका कंपनीनं ते का छापावं? ते ओट्यावर तयार झालं.

अबार्थवाल्याचं तसं नाही. त्याचं इंजिन फक्त लिनिया टी-जेट आणि अव्हेंच्युरा अशा थोड्या गाड्यांत. शिवाय बंपर, दिवे, काचा यांना मावसभाऊ नसतातच. पुढचा बंपर फुटला तर इंजिन शाबूत असूनही गाडी महिनाभर उभी. म्हणून इथले लोक आधीच साठा करतात. दंतवैद्य बाईंच्या दवाखान्याच्या माळ्यावर एक हेडलाइट, दोन लोअर आर्म आणि एक क्लच किट आहे, हे त्यांनी मला अभिमानानं दाखवलं. त्यांच्या वडिलांनी पहिल्या दिवसापासूनची प्रत्येक पावती एका फायलीत लावली आहे, प्रत्येकीवर किलोमीटर आणि मिस्त्रीचं नाव. ती फाइल ओट्यावर हातोहात फिरते.

गेरच्या आदल्या रात्री

इंदूरची रंगपंचमी म्हणजे गेर. टोरी कॉर्नरची गेर त्यांतली नामांकित. ट्रक, टँकर, रंगाच्या तोफा, तीन-चार मजले उंच उडणारा गुलाल आणि लाखोंची गर्दी. मल्हारगंजातल्या गाडीवाल्यांसाठी हा स्थलांतराचा सण. आदल्या रात्री गाड्या नातेवाइकांकडे, रिंग रोडपलीकडे जातात.

न जमल्यास काय करायचं, याचंही शास्त्र आहे. काचेखालच्या जाळीवर, जिथून एसी बाहेरची हवा ओढतो, प्लास्टिक चिकटवायचं. नाहीतर पुढे महिनाभर एसी लावला की गुलाबी शिंतोडे. दारांच्या रबरांना सिलिकॉन. आणि दुसऱ्या दिवशी फडक्यानं पुसायचं मात्र नाही. गुलालात खर असते, कोरडं पुसलं की रंगावर जाळं उठतं. आधी भरपूर पाणी, मग शाम्पू, मग हात.

पेट्रोलमध्ये काय आहे

सध्या ओट्यावर सर्वांत जास्त आवाज चढतो तो इथेनॉलवर. पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि २०१५ ची गाडी त्यासाठी बनलेली नाही. कुणी म्हणतो इंजिन फुटेल, कुणी म्हणतो काही होत नाही. दोन्ही टोकं मला पटली नाहीत. इथेनॉलचा ऑक्टेन चांगला असतो, त्यामुळे टर्बो इंजिनाला नॉकिंगची भीती उलट कमी. पण त्यात ऊर्जा कमी. २०२१ च्या नीती आयोगाच्या अहवालातच जुन्या चारचाकींचं मायलेज सहा-सात टक्क्यांनी घटेल असं म्हटलं आहे. खरा धोका रबरी नळ्या, सील आणि पाणी यांचा. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं, आणि शौकाची गाडी तर आठवडा आठवडा उभीच असते. म्हणून इथला शहाणा सल्ला साधा आहे: टाकी महिनोन्महिने भरून ठेवू नका, पावसाळ्यात गाडी चालवत राहा, आणि प्रत्येक सर्व्हिसिंगला इंधनाच्या नळ्या हातानं दाबून बघा. कडक झालेली किंवा फुगलेली नळी लगेच बदला. पेट्रोलचा वास आला तर गाडी सुरूच करू नका.

राजाचा वेग, प्रजेचा वेग

इंदूरला वेगाचं वेड नवं नाही. यशवंतराव होळकर दुसरे यांनी १९३० च्या दशकात अमेरिकेहून ड्यूझनबर्गची सुपरचार्जर लावलेली एसजे घेतली आणि तिच्यावर लंडनच्या गर्नी नटिंगकडून खुली बॉडी चढवली. जगातल्या सर्वांत देखण्या मोटारींत तिची गणना होते. हे महाराज १९०८ चे. अबार्थच्या विंचवाचा जनक कार्ल अबार्थही १९०८ चाच, व्हिएन्नात वृश्चिक राशीवर जन्मलेला, म्हणून चिन्ह विंचू. राजाच्या गाडीला मोटारखाना होता, दरबारी नोकर होते. तिच्या दुखण्याची चर्चा चारचौघांत होण्याचं कारण नव्हतं. एकार्ट मुथेसियसनं बांधलेला त्यांचा माणिकबाग राजवाडा आज केंद्रीय कर खात्याचं कार्यालय आहे.

आणि शहरापासून तासाभरावर, पीथमपूरला, नॅट्रॅक्स. जून २०२१ मध्ये प्रकाश जावडेकरांच्या हस्ते सुरू झालेला ११.३ किलोमीटरचा लंबगोल ट्रॅक, चार पदरी. वळणांवर तो असा उतरता बांधलाय की ताशी अडीचशेला गाडी बाहेर फेकली जात नाही. मल्हारगंजातल्या तरुणांच्या तोंडी त्याचं नाव सारखं असतं. पण तो प्रामुख्यानं कंपन्यांच्या चाचण्यांसाठी आहे, मनात आलं म्हणून कुणी आपली पुंटो घेऊन आत शिरू शकत नाही.

त्यांचा खरा ट्रॅक म्हणजे पुण्याला जाणारा रस्ता. जवळजवळ प्रत्येकाचं कुणी ना कुणी तिकडे आहे. माळव्याचं पठार सोडून नर्मदेकडे उतरताना गणेश घाट लागतो, ट्रकचे ब्रेक निकामी होऊन झालेल्या अपघातांसाठी कुप्रसिद्ध. पुढे सेंधव्याजवळ बिजासन. निघण्याआधी ओट्यावर एकच प्रश्न विचारतात, ब्रेक ऑइल कधी बदललं? ते हवेतलं पाणी शोषतं, पाणी शोषलं की लवकर उकळतं, उतारावर त्यात बुडबुडे होतात आणि पाय थेट तळाशी जातो. दर दोन वर्षांनी ते बदलायचं. इंजिनाच्या ताकदीवर तासन्‌तास बोलणाऱ्या किती मालकांनी हे केलं आहे, असं मी विचारलं. दोघं गप्प बसले.

तर वाचकहो, अशी एखादी विंचूवाली गाडी जुन्या बाजारात स्वस्तात दिसली आणि मन झालं, तर जरूर बघा. मालकाला आदल्या रात्रीपासून गाडी सुरू न करण्याची विनंती करा आणि थंड इंजिन स्वतः सुरू करा. पंधरा-वीस किलोमीटर चालवून सुई मधोमध येते का पाहा. दिवे, बंपर मूळचे आहेत का तपासा. मग टायमिंग बेल्टची पावती मागा. पावती नसेल तर पट्टा बदललेलाच नाही असं धरा, त्याचा पूर्ण खर्च किमतीतून वजा करून घ्या, आणि तो बदलेपर्यंत गाडी हायवेवर नेऊ नका.